मिटल्या डोळ्यांच्या खोलीत

दिवाळी सरली की सेलूच्या रस्त्यांना कापूस लागतो. टेम्पो, ट्रॅक्टर, बैलगाड्या जिनिंगकडं निघतात आणि जाता जाता बाभळीच्या काट्यांना, तारांच्या कुंपणाला, शाळेच्या फाटकाला थोडा थोडा देऊन जातात. यंदाही लागला. परवा सायकलवरून कामावर निघालो तर नाकात सरकीचा तेलकट, गोडसर वास शिरला आणि माझा उजवा हात शिवशिवायला लागला. तीस वर्षं ह्या हाताला एकच काम ठाऊक आहे, लोकांच्या मालात शिरायचं आणि आत काय लपवलंय ते शोधायचं.

मी जिनिंगमध्ये ग्रेडर आहे. गाडी आली की वरचा कापूस मी बघतही नाही. वरचा पांढराशुभ्र असतोच, तेवढी अक्कल सगळ्यांना असते. मी बाजूनं हात घालतो, कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत. आत गार लागलं की समजायचं, पाणी मारलंय. शेतकरी म्हणतो, दादा, दव हाय, पहाटं वेचलाय. असतंही कधी कधी दव. पण मी आधी त्याच्या तोंडाकडं बघतो. तो डोळ्याला डोळा देतो का, उगाच बिडी काढतो का, न विचारता किती बोलतो. हात नंतर सांगतो, तोंड आधी सांगतं, असं मी नव्या लोकांना शिकवत आलो. त्यात मी कितीदा चुकलो असेन, देव जाणे.

घरीही तेच. मेथीची जुडी आणली की मी दोरा सोडून मधल्या काड्या बघतो. माझी बायको रत्ना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ह्या माणसाचं नाव शांतवन ठेवलं आणि जिवाला घडीची शांती म्हणून नाही. नाव आजोबांनी ठेवलं. आमच्या घरात तीन पिढ्या प्रभूचं नाव आहे, आणि तिन्ही पिढ्या ह्याच मातीतला कापूस वेचत, वाहत, दाबत आल्या. आपण इथं कुणी परके आहोत असं मला कधी वाटलं नव्हतं. ते दोन वर्षांमागच्या हंगामात वाटायला लागलं.

आमच्याकडं देवळासारखी वेगळी इमारत नाही. सरलाबाई म्हणून एक निवृत्त नर्स आहेत, सगळं गाव त्यांना सिस्टरबाई म्हणतं. त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही पंधरा-वीस माणसं रविवारी जमतो. एक मोठी सतरंजी, एक ढोलकी, भिंतीवर साधा लाकडी क्रूस. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, परभणीहून पॅसेंजरनं येतात. गाडी लेट असली की आम्ही गाणी म्हणत बसतो, आणि ती बहुतेक वेळा लेटच असते. उपासना झाली की चहा, चहाबरोबर एकमेकांची दुखणी. कुणाचा गुडघा, कुणाच्या पोराची नोकरी. एवढंच आमचं साम्राज्य.

ह्या खोलीत मन्मथअप्पा येऊन बसू लागला. तो स्टेशन रस्त्यावरचा बारदानवाला. कापसाच्या दिवसांत सगळ्या गावाला पोती-गोण्या तोच पुरवतो. घर पक्कं लिंगायत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात शर्टाच्या आत चांदीच्या डबीत इष्टलिंग. त्याची बायको वर्षभर अंथरुणाला खिळली होती. सिस्टरबाईंनी तिची सगळी सेवा केली, आणि बुधवारी बुधवारी आम्ही दोन-चार जणं तिच्या उशाशी बसून गाणी म्हणायचो, कारण तिला ती आवडायची. ती गेली. तिचे दिवस झाले आणि पुढच्याच रविवारी अप्पा आला. चपला काढल्या, मागं भिंतीला टेकून बसला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी का आलात म्हणून विचारलंही नाही. तो गाणी म्हणत नसे, आमेन म्हणत नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरलं की ते कपाळाला लावायचा आणि पुढं सरकवायचा. चहा घेऊन जायचा. असं वर्षभर चाललं.

मग दोन वर्षांमागचा तो हंगाम आला, पहिली वेचणी चालू होती. एका रविवारी फाटकाशी चार-पाच मोटरसायकली लागल्या. पोरं आत आली नाहीत, नुसते मोबाइल वर धरून उभी राहिली. पुढच्या रविवारी पुन्हा. मग बारीक बारीक गोष्टी व्हायला लागल्या. दूधवाल्यानं आमची गल्ली सोडली. दुकानदार सामान हातात न देता फळीवर ठेवायला लागला. ज्याच्याबरोबर मी वीस वर्षं चहा प्यायलो तो जिनिंगमधला वजनकाटेवाला मला बघितल्यावर काट्याकडं बघायला लागला. लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलेल्या छळाच्या गोष्टींत तुरुंग असायचे, आग असायची. आमच्या वाट्याला आलेला छळ असा फळीवर ठेवलेल्या साखरेच्या पुडीएवढा होता. पण तो रोज यायचा, आणि रोज मला आधी वाटायचं की आज कोण.

एका बुधवारी माझा हात कापसात खांद्यापर्यंत होता आणि ठाण्यातला एक शिपाई मला शोधत जिनिंगमध्ये आला. माणूस भला. बाजूला घेऊन म्हणाला, तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय, आमिष दाखवून लोकांना बाटवता म्हणून. अर्जात सगळ्यांची नावं होती. नुसती नावं असती तर मी म्हटलं असतं, फाटकावरून मोजली. पण त्यात गेल्या रविवारी पाळकांनी कुणाच्या मुलासाठी नाव घेऊन प्रार्थना केली तेही होतं. दार लावलेलं, पंखा चालू, बाहेर ढोलकीसुद्धा नीट ऐकू जात नाही. हे बाहेरच्याला कळणार कसं? शिपाई निघून गेला आणि मी तो टेम्पो न तपासताच सोडला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

आपल्यातलाच कुणीतरी. हा शब्द एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. मी बसल्या जागी एकेकाला हातात घेऊन चाचपायला लागलो. हा हल्ली लवकर का जातो? ही नवी साडी कुठनं आली? सिस्टरबाईंचा फोन सारखा बिझी का? मला लाज वाटायची, पण थांबवत नव्हतं.

त्या रविवारी पाळक म्हणाले, प्रार्थना करू या. सगळ्यांनी डोळे मिटले आणि मी माझे उघडले.

पन्नाशी उलटेपर्यंत मी ती खोली अशी बघितली नव्हती. मिटल्या डोळ्यांची माणसं फार उघडी दिसतात. सिस्टरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवलेला, ओठ पुटपुटत होते. रत्नाच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते कशासाठी हे मला, तिच्या नवऱ्याला, माहीत नव्हतं. कुणाच्या तरी न्हाणीघरात चुकून शिरल्यासारखं मला वाटलं. डोळे मिटावेत असं ठरवलं आणि तेवढ्यात मागच्या भिंतीकडं नजर गेली. तिथं दोन डोळे टक्क उघडे होते. ते सरळ माझ्याकडं बघत होते. मन्मथअप्पाचे.

मी तीन रविवार खात्री केली. हा आपला माझा नेम, एका गाडीत तीन ठिकाणी हात घालायचा. तिन्ही रविवारी अप्पाचे डोळे उघडे. पापणी हलत नव्हती. आणि तिन्ही रविवारी तो माझ्याकडंच बघत होता. मग बाकीचं सगळं जुळत गेलं. त्याचा पुतण्या त्या मोटरसायकलवाल्यांत उठबस करतो. तो भाकर खात नाही. तो आमेन म्हणत नाही. मग येतो कशाला? मला माझा ओला कापूस सापडला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

रत्नाला सांगितलं तर तिनं पोळपाट बाजूला ठेवला. म्हणाली, प्रभूच्या पंगतीला घात करणारा बसलेलाच होता, आणि प्रभूला ते ठाऊक होतं, तरी त्याला घास मिळालाच की. मी म्हटलं, ते प्रभू होते, मी ग्रेडर आहे. मग ती जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे.

"तुमी तिथं कुणाला शोधायला जाता? चोराला का देवाला?"

 दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पाच्या दुकानात गेलो. तो एकटाच गोण्यांच्या घड्या घालत होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं की दिवस बरे नाहीत, काही दिवस तुम्ही न आलेलं बरं. तो घडी घालायचा थांबला. वाटलं, आता का म्हणून विचारेल. त्यानं विचारलं नाही. नुसतं बरं म्हणाला आणि पुढची गोणी उचलली. परत येताना मी मनात म्हणत होतो, बघा, खरा माणूस असता तर का म्हणून विचारलं असतं. आज मला माहीत आहे की त्यानं विचारलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

लोक उपासनेत उभं राहून साक्षी सांगताना म्हणतात, संकटात आमचा विश्वास वाढला. त्यांचा वाढत असेल. माझा त्या हंगामात रोज झिजत होता. रविवारी मी खोलीत असायचो, गाणं म्हणायचो, सगळ्यांच्या आधी आमेनही म्हणायचो, पण प्रार्थना माझ्याकडून होत नव्हती. डोळे मिटले की वाटायचं, आता कुणीतरी बघतोय. उघडले की वाटायचं, आता कोण बघतोय. बाहेरच्या पोरांनी आमच्या खिडकीला खडासुद्धा मारला नव्हता. माझं जे मोडलं ते मी माझ्या हातानं मोडत होतो.

नाताळाच्या आधीचा रविवार. खोलीत कागदी चांदण्या लावलेल्या, सिस्टरबाईंच्या करंज्यांचा वास. उपासना निम्म्यावर आली असताना पोरं आली आणि त्यांच्या मागं पोलीस. आम्हाला सगळ्यांना ठाण्यात नेलं. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. व्हरांड्यातल्या बाकावर ओळीनं बसवलं. साहेबांनी अर्ज वाचून दाखवला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यात मुख्य मुद्दा काय आहे. बायको गेल्याच्या दुःखात असलेल्या एका लिंगायत व्यापाऱ्याला ह्या लोकांनी फूस लावून बाटवलं. व्यापाऱ्याचं नाव मन्मथअप्पा. साहेब म्हणाले, त्यांना बोलावणं पाठवलंय, ते हो म्हणाले की पाळकांवर गुन्हा दाखल होईल.

पाळक माझ्या शेजारीच बसले होते. त्यांना दोन लहान मुली आहेत. त्यांच्या पायातली एक चप्पल धावपळीत तुटली होती आणि ते तिचा अंगठा बसवत होते.  ज्याच्या एका शब्दावर ह्या माणसाचं आता सगळं होतं, त्याला मी गेल्याच आठवड्यात दार बंद केलं होतं. मी अप्पाच्या जागी असतो तर काय केलं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी घाबरलो.

अप्पा आला. आमच्याकडं न बघता साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी विचारलं, ह्यांनी तुम्हाला धर्म बदलायला लावला का? अप्पानं शर्टाच्या आतून चांदीची डबी काढली, तळहातावर धरली.

"साहेब, हे जन्मल्यापून गळ्यात हाय. मातीत जाईन तवा संगंच जाईल. मला कोण बदलणार?"

साहेब म्हणाले, मग दर रविवारी तिथं कशाला जाता?

"बसायला," अप्पा म्हणाला. "ती गेल्यापून घरात बसवंना. तिथं बसवतंय."

साहेबांनी लिहून घेतलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, आज का नव्हता मग तिथं? अप्पानं मान वळवून बाहेर बघितलं. बरोबर माझ्याकडं. मी मान खाली घातली.

"आज जमलं न्हाई," तो म्हणाला.

आम्हाला दुपारी सोडलं. सगळे रडत-हसत देवाचे उपकार मानत होते. मी मानू शकत नव्हतो. अप्पा आमच्या आधीच निघून गेला होता.

त्याच्या दुकानात जायला मला तीन आठवडे लागले. जिनिंगमध्ये माल उतरत होता, आणि तुमची शप्पत, त्या तीन आठवड्यांत मी किती गाड्यांत हात घातला पण मला ओलं काय आणि कोरडं काय कळत नव्हतं. गेलो तेव्हा अप्पानं मला बसायला गोण्यांची चळत दिली. मी म्हटलं, अप्पा, रविवारी या. तो बराच वेळ सुतळीची गाठ सोडवत राहिला. मग म्हणाला की दुसऱ्या कुणी नको म्हटलं असतं तर त्याला काही वाटलं नसतं. माझ्याच तोंडून आलं म्हणून लागलं. मी विचारलं, माझंच का?

"आमच्यात डोळे मिटायचे नसतात, शांतवनराव. लिंग तळहातावर घ्यायचं आन् बघत बसायचं. पापणी पडली की पूजा मोडली. तुमच्यात समदे डोळे मिटून बसायचे, मला लय परकं वाटायचं. मग दिवाळीनंतर एक दिस बघतो तर तुमचेबी डोळे उघडे. म्हणलं, चला, एक मानूस तर आपल्यावानी करायलाय. तवापून मी तुमच्याकडंच बघून बसायचो."

मी गप्प बसू शकलो असतो. हो म्हणालो असतो तरी चाललं असतं. तो त्या समजुतीवर आनंदानं जगला असता, आणि मी त्याच्या नजरेत भला माणूस राहिलो असतो. पण इतक्या लोकांचं लपवलेलं बाहेर काढलं आणि आपलं आत ठेवायचं, हे मला तिथं त्या गोण्यांवर बसून जमेना. मी सांगितलं की मी प्रार्थना करत नव्हतो. मी चोर शोधत होतो, आणि तो तुम्ही आहात असं मला वाटलं होतं. 

अप्पानं गाठ सोडवली, सुतळी बोटाला गुंडाळली. चेहऱ्यावर काही नाही. बाहेरून मालगाडी जात होती, ती जाईपर्यंत तो थांबला.

"मग? घावला का चोर?"

मी म्हटलं, नाही.

"आता कुणावर शक हाय?"

मी त्याच्या बोटावरच्या सुतळीकडं बघायला लागलो. कारण त्या आठवड्यात माझा संशय पाळकांवर गेला होता. गुन्हा त्यांच्यावर येणार होता तर त्यांना एवढ्या सहज कसं सोडलं, ते दर वेळी गाडी लेट झाली म्हणतात ते खरं कशावरून, असलं काहीतरी माझ्या डोक्यात चाललंच होतं. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होता. तोंड आधी सांगतं. तो म्हणाला, राहू द्या, सांगू नका. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. मी सायकल हातात धरून चालत घरी आलो आणि रत्नाजवळ बसून रडलो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

नावं कुणी दिली ते आजपर्यंत कळलेलं नाही. आता हे लिहिताना वाटतं, कदाचित कुणीच दिली नसतील. सिस्टरबाई फोनवर बहिणीशी बोलताना सगळं मोठ्यानं सांगतात, खिडकी गल्लीत उघडते. किंवा दिलीही असतील. तो माणूस आजही आमच्यात बसत असेल, मी त्याला चहाचा कप देत असेन. आधी ह्या विचारानं मला झोप लागायची नाही. पोरं अजून फाटकाशी येतात. दूधवाला अजून आमच्या गल्लीत येत नाही. बदललं काय म्हणाल तर फार काही नाही.

पण त्या हंगामाच्या शेवटचा एक रविवार मला राहून राहून आठवतो. शेतात फरदडीचा, म्हणजे शेवटचा खुरटा, पिवळट कापूस राहिलेला. ऊन चटका द्यायला लागलेलं. सकाळपासून फाटकाशी दोन मोटरसायकली उभ्या होत्या आणि मागच्या भिंतीची जागा मोकळी होती. पाळक म्हणाले, प्रार्थना करू या. मी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी खरोखर मिटले.

थोड्या वेळानं फाटकाची कडी वाजली. व्हरांड्यात पावलं आली. माझ्या पापण्या थरथरायला लागल्या. पोरं असतील, पोलीस असतील, मोबाइल धरून कुणी दारात उभं असेल. मी शूर नाही, त्या दिवशीही नव्हतो. मी नुसता दमलो होतो. मनात म्हटलं, प्रभू, जो कोण आलाय त्याला आता तूच बघ, माझ्याच्यानं होत नाही. आणि एवढं म्हटल्यावर छातीवरचं काहीतरी उतरलं. दार उघडलं ते ऐकलं, पाऊल सतरंजीवर पडलं ते कळलं, आणि तरी मला शांत वाटत होतं. भीती गेली नव्हती. ती शेजारी बसली होती आणि मला शांत वाटत होतं.

मग माझ्या अगदी जवळ कुणाचे तरी गुडघे कडकडले. तागाचा वास आला. कुणीतरी भिंतीकडं न जाता माझ्यासमोर, हातभर अंतरावर बसलं. तेव्हा मी डोळे उघडले. अप्पा माझ्याकडं बघत होता, पापणी न पाडता. मीही बघत राहिलो. त्याच्या तोंडावर मला काही शोधायचं नव्हतं. पाळकांची प्रार्थना त्या दिवशी लय लांबली. आमेन झालं, सगळ्यांनी डोळे उघडले, आणि आम्ही दोघं आधीपासूनच एकमेकांकडं बघत बसलेले होतो.